मल्टिपाथमध्ये पाथचा अग्रक्रम: आकडा कोण देतं आणि ऐकतं कोण

सर्व्हरपासून स्टोरेजपर्यंत चार पाथ जोडले, चारही जिवंत दिसले, एक केबल उपटून पाहिली तरी काम चालू राहिलं, की मल्टिपाथ (एकाच स्टोरेजकडे अनेक रस्ते) झालं असं बहुतेक जण धरून चालतात. मीही धरलं होतं. एका ठिकाणी ॲरेच्या, म्हणजे स्टोरेजच्या पेटीच्या, दोन्ही कंट्रोलरचं फर्मवेअर एकापाठोपाठ एक अपग्रेड झालं. सर्व्हरना पत्ताही लागला नाही, आम्ही खूश. तीन आठवड्यांनी डेटाबेसवाले म्हणू लागले की रात्रीचे जॉब रोज लांबत चाललेत. पाहतो तर निम्म्याहून जास्त लन (ॲरेनं सर्व्हरला दिलेल्या डिस्क) भलत्याच कंट्रोलरवरून चालले होते. अपग्रेडच्या वेळी त्यांनी पाथ बदलला तो बदललाच. परत फिरा, असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, कारण फेलबॅकची सेटिंग डिफॉल्टला होती आणि ते डिफॉल्ट आहे मॅन्युअल.

म्हणजे अग्रक्रमाचे आकडे अगदी बरोबर होते, फक्त त्यांना कुणी विचारत नव्हतं. पाथला आकडा मिळणं ही एक गोष्ट. त्या आकड्यावरून गट पडणं, गट निवडला जाणं आणि बिघाड संपल्यावर पुन्हा जुन्या गटाकडे वळणं, या सगळ्या वेगळ्या सेटिंग आहेत. एक जरी सुटली तरी बाकीच्या नुसत्या शोभेच्या.

इथे लिनक्सवरचं डिव्हाइस-मॅपर मल्टिपाथ आणि आयस्कझी (साध्या नेटवर्कवरून डिस्क देणारं) स्टोरेज धरून चाललो आहे; फायबर चॅनेललाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. आज्ञा आणि सेटिंगांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर आणि फाइलीत ती आकड्यांसकट रोमन लिपीतच टाइप करायची, जोडरेघा आणि अधोरेषा जशाच्या तशा ठेवून.

आधी वायर, मग फाइल

आयस्कझीसाठी सर्व्हरची दोन नेटवर्क कार्डं दोन वेगवेगळ्या सबनेटमध्ये ठेवा. दोन्ही एकाच सबनेटमध्ये असली, तर लिनक्स एकाच कार्डावरून सगळी वाहतूक काढू शकतं आणि एका कार्डाच्या पत्त्यासाठी आलेल्या एआरपीला (हा पत्ता कुणाचा, या विचारणेला) दुसरं कार्ड उत्तर देऊ शकतं. पाथ चार दिसतात, वाहतं मात्र एकाच केबलमधून. सबनेट बदलणं खरंच अशक्य असेल तर आयस्कझीचा इंटरफेस कार्डाला बांधावा लागतो आणि राउटिंगची वेगळी तजवीज करावी लागते. कार्डं बाँड करून (मिळून एकच कार्ड असल्यासारखी बांधून) वर पुन्हा मल्टिपाथ घालायच्या भानगडीत पडू नका. बाँडच्या आतलं मल्टिपाथला दिसत नाही, त्यामुळे त्याला अग्रक्रमही देता येत नाही.

दोन्ही पोर्टलवर (ॲरेच्या आयस्कझी पत्त्यांवर) डिस्कव्हरी आणि लॉगिन झालं की `आयस्कझीॲडम -एम सेशन -पी ३` (यातला पी कॅपिटल) चालवा. कुठलं सेशन कोणत्या पत्त्यावरून जातं आणि त्याला कोणतं डिस्कचं नाव मिळालंय, हे कागदावर उतरवून घ्या. हो, कागदावर. पुढे एसडीबी की एसडीडी असा प्रश्न दर दहा मिनिटांनी पडणार आहे.

आकडा येतो कुठून

बहुतेक मध्यम दर्जाच्या ॲरेंमध्ये दोन कंट्रोलर असतात आणि एका वेळी एक लन एकाच कंट्रोलरच्या मालकीचा असतो. दुसऱ्या कंट्रोलरवर मागणी पाठवली तरी ती पुरी होते, पण आतल्या आत मालकाकडे फिरून येते, म्हणून उशीर लागतो. कोणता पोर्ट मालकाचा आणि कोणता वळशाचा, हे ॲरेनं सर्व्हरला सांगायची ठरलेली रीत म्हणजे अलुआ. ॲरे सांगतो ती अवस्था, आणि मल्टिपाथमधला अलुआ प्रायॉरिटायझर (अग्रक्रम ठरवणारा भाग) तिचा आकडा करतो: ॲक्टिव्ह ऑप्टिमाइझ्ड असेल तर ५०, ॲक्टिव्ह नॉन-ऑप्टिमाइझ्ड असेल तर १०, स्टँडबाय असेल तर १. आकडा मोठा तितका पाथ चांगला.

ॲरे नक्की काय सांगतोय हे मल्टिपाथला मध्ये न घेता बघायचं असेल तर `एसजी_आरटीपीजी` ही आज्ञा एकेका डिस्कवर चालवा. ती एसजी३-युटिल्स या पॅकेजात मिळते. ॲरेच्या स्क्रीनवर होस्टचा प्रकार चुकीचा निवडला गेला असेल तर तो इथेच पकडला जातो: दोन्ही कंट्रोलरचे पोर्ट ऑप्टिमाइझ्ड दिसतात, किंवा अलुआचं उत्तरच येत नाही. असं असेल तर सर्व्हरवर काही करू नका, आधी ॲरे दुरुस्त करा.

आता `मल्टिपाथ -एलएल` काय दाखवतं ते बघू:

एमपाथए डीएम-२ साइझ=५००जी फीचर्स='१ क्यू_इफ_नो_पाथ' एचडब्ल्यूहँडलर='१ अलुआ'
|-+- पॉलिसी='सर्व्हिस-टाइम ०' प्रायो=५० स्टेटस=ॲक्टिव्ह
| |- ३:०:०:१ एसडीबी ८:१६ ॲक्टिव्ह रेडी रनिंग
| `- ४:०:०:१ एसडीसी ८:३२ ॲक्टिव्ह रेडी रनिंग
`-+- पॉलिसी='सर्व्हिस-टाइम ०' प्रायो=१० स्टेटस=एनेबल्ड
  |- ५:०:०:१ एसडीडी ८:४८ ॲक्टिव्ह रेडी रनिंग
  `- ६:०:०:१ एसडीई ८:६४ ॲक्टिव्ह रेडी रनिंग

हे चित्र नीट वाचता आलं की अर्धी लढाई जिंकली. वरच्या गटात मालक कंट्रोलरचे दोन पाथ. त्यांच्यात काम वाटलं जातं. खालचा गट एनेबल्ड, म्हणजे तयार पण बसून. ओळीच्या शेवटचं ॲक्टिव्ह रेडी रनिंग चारही पाथांना आहे, म्हणून चारही काम करताहेत असं समजू नका. काम कोण करतंय ते गटाच्या ओळीवरचं स्टेटस सांगतं. मॅप (सगळे पाथ मिळून झालेली एकच डिस्क) नुकताच तयार झाला असेल आणि अजून काही वाचलं-लिहिलं गेलं नसेल, तर दोन्ही गट एनेबल्ड दिसतात; त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

गटाच्या ओळीवरचा प्रायो हा गटातल्या चालू पाथांच्या आकड्यांची सरासरी असते, आणि निदानाला ती फार उपयोगी पडते. समजा चारही पाथ एकाच गटात दिसले आणि प्रायो=३० असं आलं. अलुआत ३० हा आकडाच नाही. मग तो आला कुठून? ५०, ५०, १० आणि १० यांची बेरीज १२०, भागिले चार. म्हणजे कुणीतरी गटाची पद्धत मल्टिबस (सगळे पाथ एकाच गटात) ठेवली आहे आणि निम्मी वाहतूक वळशाच्या रस्त्यानं जाते आहे. फाइल उघडायच्या आधीच दोष कळला. दोन गटांची सरासरी सारखीच निघाली, तर ज्यात चालू पाथ जास्त तो गट निवडला जातो.

फाइल

`मल्टिपाथ.कॉन्फ` ही ईटीसी फोल्डरात असते. रेड हॅटच्या कुळातल्या वितरणांत `एमपाथकॉन्फ --एनेबल` चालवलं की सुरुवातीची फाइल तयार होते. सरळ साध्या अलुआ ॲरेसाठी मी एवढंच लिहितो:

डिफॉल्ट्स {
  युजर_फ्रेंडली_नेम्स येस
  फाइंड_मल्टिपाथ्स येस
  पोलिंग_इंटरव्हल ५
}
डिव्हाइसेस {
  डिव्हाइस {
    व्हेंडर "ॲरेनं दिलेलं नाव"
    प्रॉडक्ट "ॲरेनं दिलेलं मॉडेल"
    पाथ_ग्रुपिंग_पॉलिसी ग्रुप_बाय_प्रायो
    प्रायो अलुआ
    फेलबॅक इमिजिएट
    नो_पाथ_रीट्राय १२
  }
}

व्हेंडर आणि प्रॉडक्ट ही नावं मनानं घालू नका. `मल्टिपाथ -एलएल`च्या पहिल्या ओळीत ती छापून येतात (वरच्या नमुन्यात मी गाळली आहेत). ॲरेच्या उत्पादकानं स्वतःच्या सेटिंग दिल्या असतील तर त्या आधी वाचा, माझ्या नंतर.

`पाथ_ग्रुपिंग_पॉलिसी`चं डिफॉल्ट आहे फेलओव्हर, म्हणजे प्रत्येक पाथचा स्वतंत्र गट. चार केबल ओढून एकच वापरायची असेल तर ठीक. ग्रुप_बाय_प्रायो म्हणजे सारख्या आकड्याचे पाथ एका गटात, आणि अलुआला हवं असतं तेच. नव्या आवृत्त्यांत अलुआ ओळखून ही पद्धत आपोआपही लागते, तरी मी लिहून ठेवतो. उद्या फाइल वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागू नये.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट: फाइलीत लिहिलंय, पण मल्टिपाथ ऐकत नाही. याची कारणं थोडीच आहेत, फक्त सापडायला उशीर लागतो.

मल्टिपाथच्या पोटात शेकडो ॲरेंच्या सेटिंगांचा तक्ता आधीपासून भरलेला असतो. तुम्ही डिफॉल्ट्स विभागात लिहिलेली किंमत या तक्त्यापुढे हरते. तक्त्याला हरवायचं तर डिव्हाइसेस विभागात लिहावं लागतं. ओव्हरराइड्स विभाग त्याच्याही वर आणि एकेका लनसाठीचा मल्टिपाथ्स विभाग सगळ्यांच्या वर. प्रायो डिफॉल्ट्समध्ये लिहून दिवसभर डोकं खाजवणारे मी पाहिले आहेत, एकदा आरशातही.

दुसरं कारण म्हणजे `डिटेक्ट_प्रायो`. हे डिफॉल्टनं येस असतं. ॲरे अलुआ बोलतो असं दिसलं की तुमचा प्रायो बाजूला ठेवून मल्टिपाथ स्वतःच अलुआ किंवा सिसएफएस प्रायॉरिटायझर लावतं. दोघांचा माल एकच, ॲरेचाच शब्द, म्हणून आउटपुटमध्ये अलुआऐवजी सिसएफएस दिसलं तर बिचकू नका. पण दुसरा कुठलाही प्रायॉरिटायझर हवा असेल तर डिटेक्ट_प्रायो नो केल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि ही ओळ एकेका लनच्या विभागात चालत नाही. डिफॉल्ट्स, डिव्हाइसेस किंवा ओव्हरराइड्समध्येच लिहावी लागते.

तिसरं अगदीच क्षुल्लक: शब्दाचं स्पेलिंग. चुकलेली ओळ मल्टिपाथ एका इशाऱ्यावर सोडून देतं आणि पुढे जातं.

वाद मिटवायला `मल्टिपाथ -व्ही३` चालवा. प्रत्येक डिस्कपुढे प्रायो काय आहे आणि तो कुठून आला हे ते लिहून दाखवतं: स्टोरेज डिव्हाइस ऑटोडिटेक्टेड, स्टोरेज डिव्हाइस कॉन्फिगरेशन, मल्टिपाथ इंटर्नल, नाहीतर तुमच्या फाइलीचा कुठला विभाग. आउटपुट लांबलचक असतं, म्हणून प्रायो शब्दावर ग्रेप करा. बदल लागू करायला `मल्टिपाथडी रीकॉन्फिगर`, आणि आत्ता प्रत्यक्षात काय चालू आहे ते पाहायला `मल्टिपाथडी शो कॉन्फिग लोकल`. हे चालत्या सर्व्हरवर करता येतं, तरी क्लस्टर (मिळून काम करणारे सर्व्हर) असेल तर आधी एकाच नोडवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर.

ॲरेला जे दिसत नाही

इथवर माझं मत एकच: आकडा ॲरेला ठरवू द्या. लनचा मालक त्याला माहीत असतो, आपल्याला नसतो, आणि मालक बदलला की तो लगेच सांगतो. हातानं लिहिलेला आकडा तिथेच खिळून राहतो.

पण ॲरेला आपलं नेटवर्क दिसत नाही. समजा एक रस्ता १० गिगाबिटचा आणि दुसरा, आणीबाणीसाठी ठेवलेला, १ गिगाबिटचा. दोन्ही मालक कंट्रोलरकडेच जातात. ॲरेच्या दृष्टीनं दोन्ही ऑप्टिमाइझ्ड, दोन्ही ५०, म्हणून दोन्ही एका गटात. सर्व्हिस-टाइम पद्धत (मागणी लवकर पुरी होईल असा पाथ निवडणारी) थोडंफार सावरून घेते, पण काही मागण्या अरुंद रस्त्यानं जातातच आणि प्रतिसादाची वेळ खाली-वर होत राहते. इथे सर्व्हरलाच बोलावं लागतं.

हातानं आकडा द्यायचं नेहमीचं साधन `वेटेडपाथ`. त्यात डिस्कच्या नावावरून किंवा होस्ट, बस, टार्गेट, लन या चौकडीवरून आकडा देता येतो. आयस्कझीसाठी मी ते वापरत नाही. वरच्या नमुन्यातले ३, ४, ५, ६ हे होस्ट क्रमांक सेशनगणिक मिळतात आणि पुन्हा लॉगिन केलं की बदलतात. एसडीबीसारख्या नावांचंही तेच. एका रीबूटनंतर तुमचा ५० भलत्याच पाथच्या गळ्यात पडलेला असतो. फायबर चॅनेलमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएनवरून (पोर्टच्या कायमच्या ओळख क्रमांकावरून) आकडा देता येतो, तो टिकतो.

आयस्कझीत टिकणारी ओळख म्हणजे पोर्टलचा आयपी पत्ता. त्यासाठी `आयईटी` नावाचा प्रायॉरिटायझर आहे. नाव एका जुन्या टार्गेट सॉफ्टवेअरवरून पडलंय, पण तो बघतो फक्त डिस्कच्या बाय-पाथ नावातला आयपी:

डिटेक्ट_प्रायो नो
प्रायो आयईटी
प्रायो_आर्ग्ज "प्रिफर्डआयपी=१०.१०.१.२०"
पाथ_ग्रुपिंग_पॉलिसी ग्रुप_बाय_प्रायो
फेलबॅक ३०

पत्ता जुळला की २०, नाही जुळला की १०. दोन गट पडतात, जलद रस्ता वर. मर्यादाही समजून घ्या: पसंतीचा पत्ता एकच देता येतो, आणि अलुआ बंद केल्यामुळे लनचा मालक बदलला तरी सर्व्हर जुन्याच पत्त्याला चिकटून राहतो. म्हणून हा उपाय एका कंट्रोलरच्या ॲरेला किंवा साध्या स्टोरेज सर्व्हरलाच शोभतो. दोन कंट्रोलर आणि दोन वेगांचे रस्ते असं त्रांगडं असेल, तर त्या सर्व्हरवर मंद रस्त्याचं लॉगिनच काढून टाका आणि दोन्ही कंट्रोलरकडे जलद रस्ते ओढा. सेटिंगनं केबलची उणीव भरून काढायला गेलेला माणूस मी अजून सुखी पाहिला नाही.

परत फिरण्याची वेळ

फेलबॅकला चार प्रकारची उत्तरं देता येतात. मॅन्युअलची कथा सुरुवातीला आलीच. इमिजिएट म्हणजे वरचा गट जिवंत झाला की ताबडतोब त्याच्याकडे. सेकंदांचा आकडा दिला तर तेवढं थांबून. आणि चौथं फॉलोओव्हर.

एकट्या सर्व्हरला, चांगल्या नेटवर्कवर, इमिजिएट पुरतं. एखादा स्विच पोर्ट चालू-बंद होत राहिला तर मात्र इमिजिएटचा झोपाळा होतो: गेला, आला, गेला, आला, आणि प्रत्येक हेलकाव्याला सगळ्या मागण्या अडतात. ३० किंवा ६० सेकंद दिले की पाथला आपण खरंच बरे झालो आहोत हे सिद्ध करायला वेळ मिळतो.

क्लस्टरची गोष्ट वेगळी. दोन नोड एकच लन वापरताहेत आणि एका नोडची मालक कंट्रोलरकडे जाणारी वाट तुटली. ॲरे असा असेल की होस्टच्या मागणीवरून लनची मालकी हलते, तर पहिला नोड लन दुसऱ्या कंट्रोलरवर ओढतो. दुसऱ्या नोडचे सगळे पाथ ठणठणीत असल्यामुळे तो इमिजिएटनं लगेच मूळ कंट्रोलरवर परत ओढतो. दोघांच्या रस्सीखेचीत लन दर काही सेकंदांनी घर बदलत राहतो आणि काम कुणाचंच होत नाही. फॉलोओव्हर याचसाठी आहे: ज्या नोडचा स्वतःचा पाथ मेला होता आणि आता जिवंत झाला, त्यानंच परत फिरायचं; दुसऱ्यानं केलेल्या बदलात नाक खुपसायचं नाही.

किती सेकंद अडेल

अग्रक्रम बरोबर असला तरी पाथ मेला हे कळायलाच दोन मिनिटं लागली, तर ॲप्लिकेशन तोवर हात टेकतं. आयस्कझीमध्ये सेशन तुटल्यावर पुन्हा जोडण्यासाठी थांबायचा `रिप्लेसमेंट_टाइमआउट` डिफॉल्टनं १२० सेकंद असतो. एकच पाथ असेल तर ते योग्य. मल्टिपाथमध्ये दुसरा रस्ता तयार असताना एवढं ताटकळण्यात अर्थ नाही, ५ पुरे. मल्टिपाथच्या `फास्ट_आयओ_फेल_टीएमओ`चं डिफॉल्ट ५ आहे आणि मल्टिपाथखाली आलेल्या सेशनवर तेच वरचढ ठरतं. तरी आयस्कझीडीच्या फाइलीतही ५ लिहून ठेवा. त्या फाइलीतला बदल फक्त नव्यानं डिस्कव्हर झालेल्या टार्गेटना लागतो; जुन्या नोंदी `आयस्कझीॲडम`च्या अपडेटनं वेगळ्या बदलाव्या लागतात. यावर बरेच जण घसरतात.

त्याच्या आधी नूप पिंगची (पलीकडे कुणी आहे का, या विचारणेची) वेळ असते: दर ५ सेकंदांनी एक पिंग, उत्तरासाठी ५ सेकंद. म्हणजे लिंक वर दिसत असूनही पलीकडे कुणी नसेल, तर पाच, पाच आणि पाच मिळून १५ सेकंदांच्या आसपास मागण्या अडतात. डेटाबेसच्या किंवा क्लस्टरच्या टाइमआउटपेक्षा हा आकडा कमी आहे ना, ते बघून घ्या.

सगळेच पाथ गेले तर काय, हे `नो_पाथ_रीट्राय` ठरवतं. १२ गुणिले पोलिंगचे ५ सेकंद, म्हणजे एक मिनिट वाट पाहायची आणि मग ॲप्लिकेशनला चूक कळवायची. क्यू लिहिलं तर अनंतकाळ वाट. प्रोसेस अडकतात, किल केल्या तरी जात नाहीत आणि सर्व्हर बंद व्हायलाही नकार देतो. फीचर्सच्या ओळीत कुणी क्यू_इफ_नो_पाथ लिहून ठेवलं असेल तरी नो_पाथ_रीट्राय त्याच्यावर मात करतं, तेव्हा निर्णय एकाच जागी लिहा.

मोडून बघणे

एका खिडकीत मॅपवर वाचन चालू ठेवा, दुसऱ्यात लॉग, तिसऱ्यात `मल्टिपाथ -एलएल` दर दोन सेकंदांनी. मग `मल्टिपाथडी फेल पाथ एसडीबी`. गट तोच राहायला हवा, प्रायोही ५०च, कारण सरासरी उरलेल्या एका पाथची. आता एसडीसीही पाडा. काम खालच्या गटात जायला हवं. पाडलेला पाथ आपोआप उठत नाही, कारण या आज्ञेनं त्याची तपासणीही थांबते. `मल्टिपाथडी रीइन्स्टेट पाथ` दोन्हींवर चालवा आणि घड्याळ लावा. ठरवलेल्या वेळेत लॉगमध्ये स्विच टू पाथ ग्रुप #१ अशी ओळ आली पाहिजे. ती आली नाही तर फेलबॅक लागू झालेलं नाही, आणि हे आज कळलेलं बरं.

ही झाली कागदी परीक्षा. खऱ्या परीक्षेत सर्व्हरची केबल काढू नका, स्विच आणि ॲरे यांच्यामधली काढा. सर्व्हरची केबल काढली की कार्डाला लगेच कळतं आणि सगळं झटपट होतं. मधली काढली की सर्व्हरच्या बाजूचा दिवा हिरवाच राहतो आणि वरचं १५ सेकंदांचं गणित खरोखर तपासलं जातं. शेवटी ॲरेचा एक कंट्रोलर रीस्टार्ट करून बघा, आणि तो वर आल्यावरही थांबा. परतीचा प्रवास पाहिल्याशिवाय उठू नका.

सगळं मनासारखं झालं की इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी फाइलसिस्टम) नव्यानं बांधा, रेड हॅटच्या कुळात `ड्रॅकट -एफ`, डेबियनच्या कुळात `अपडेट-इनिटरॅमएफएस -यू`. बूटच्या वेळी मल्टिपाथ तिथूनच सुरू होत असेल, तर आत अडकलेली फाइलीची जुनी प्रत पहिला डाव खेळते. मग सर्व्हर एकदा रीबूट करा आणि तो कागद हातात घेऊन पाथांची नावं पुन्हा जुळवा. एसडीबी आता बहुधा दुसरीकडेच असेल. गट आणि आकडे मात्र जागच्या जागी हवेत.